हुंकारा

"सर, परत पहिल्यापासून!" दिपमालानं कपाळाला हात लावला.

टेबलावरच्या बोर्डाचा दिवा विझला आणि पुन्हा लुकलुकला. चोपड्याकडच्या केळीबागेत पाणी सोडणारं हे यंत्र सोमवारी बसवायचं होतं. पण व्हॉल्व्ह उघडला रे उघडला, की ते आपणहून बंद पडून नव्यानं सुरू होई.

प्रेमराजला कारण ठाऊक होतं. जळगावच्या या लहानशा कारखान्यात त्याचे केस पांढरे झाले होते. चिपमध्ये एक राखणदार घड्याळ असतं, वॉचडॉग. प्रोग्रामनं त्याला दर दोन सेकंदांच्या आत 'मी जागा आहे' असं कळवायचं. उशीर झाला, की ते सगळं पहिल्यापासून सुरू करतं. फार घाई केली, तरी त्याला संशय येतो. इथं पाण्याचा दाब यायला तीन सेकंद लागत, आणि प्रोग्राम तेवढा वेळ मुकाट बसून राही.

"कळवायचं काम वेगळ्या टायमरला देऊ ना," दिपमाला म्हणाली. "प्रोग्राम काही का करेना, तो आपला कळवत राहील."

"म्हणजे झोपेत हूं म्हणणारा ठेवायचा?"

"काय सर?"

प्रेमराज हसला. गावी, शिंदखेड्याला, सप्ताह बसला, की त्याची माय, भिकुबाई, एक कीर्तन चुकवत नसे. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता अख्खं आख्यान चालीसकट घरात उभं करी. समोर बसलेल्या प्रेमराजनं हूं म्हणायचं. हूं चुकला, की पिठाचा हात तसाच वर राही. "झपी गया का रे? आते बठ्ठं पह्यलेपाईन!" आणि ओळ पुरी व्हायच्या आत हूं म्हटलं, तर, "देव अजून उना नही, अन् तू कोणले हूं म्हनस?"

"लाव तुझा टायमर," तो म्हणाला. मग त्यानं मुद्दाम प्रोग्राममध्ये एक चूक घातली. प्रोग्राम जागच्या जागी गोठला. व्हॉल्व्ह उघडाच राहिला, आणि राखणदार मात्र खुशीत.

"बाग बुडाली असती," दिपमाला हळूच म्हणाली.

"चुकवून पाहिल्याशिवाय कळत नाही, बाई."

संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या तीन सेकंदांचे तुकडे केले. दर तुकड्याला दाब मोजायचा, तो खरंच मोजला गेला तरच कळवायचं. दिवा पुन्हा विझला नाही.

रविवारी तो शिंदखेड्याला गेला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून मायच्या तोंडात एवढा एक हूं उरला होता. दर रविवारी तो खाटेशी बसून तिचीच आख्यानं तिला सांगे.

"भाऊ, कशाले घसा सुकाडतस?" धाकट्या भावाची बायको लताबाई चहा ठेवत म्हणाली. "माय कशालेबी हूं म्हनस. काल भंगारवालालेबी हूं म्हने. घागर ली चालना व्हता तो!"

प्रेमराज हसला खरा, पण चहा त्यानं तसाच बाजूला सारला. माय खरंच ऐकते का, हाच प्रश्न वर्षभर त्याला पोखरत होता. पडताळून पाहायचं धाडस होत नव्हतं.

त्यानं गजेंद्राचं आख्यान धरलं. हत्ती सरोवरात उतरला.

"हूं."

पाणी प्याला, सोंडेनं पिलांना न्हाऊ घातलं.

"हूं."

प्रेमराज खाटेच्या आणखी जवळ सरकला. "अन् तेवढ्यात, माय, वाघानं त्याचा पाय धरला."

माय गप्प.

बाहेर कुणाची तरी फटफटी गेली. तो वाट पाहत राहिला. दोन सेकंद, तीन, दहा. मायचे ओठ घट्ट मिटलेले होते. खाटेच्या काठावरचा तिचा धड हात हळूहळू उचलला गेला आणि पीठ लागल्यासारखा तसाच वर राहिला.

"चुकनू माय," प्रेमराज म्हणाला. त्याला नीट दिसेनासं झालं होतं. "सुसर व्हती. सुसरनी धरा."

हात खाली आला नाही.

त्यानं डोळे पुसले, मांडी नीट घातली आणि आख्यान पहिल्यापासून सुरू केलं.