स्वच्छ पार्श्वभूमी

"हळू. चपला काढ, आवाज होतो," रिनेट कुजबुजली आणि सारेलचं मनगट धरून तिनं त्याला झाडाखाली नेलं.

तंबूच्या मागेच, बारीक फांदीच्या बेचक्यात कपाएवढं घरटं होतं. वर पानांचा दाट पडदा, आत तीन उघड्या चोची. तेवढ्यात स्वर्गीय नर्तकाचा नर लांब तांबूस शेपटी मिरवत आला आणि एका चोचीत माशी कोंबून उडून गेला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" सारेलचे डोळे चमकले.

लिंपोपो नदीकाठच्या या मुक्कामात त्याला बिबट्या दिसलाच नव्हता. सिंह दिसला, तोही पाठमोरा. तेव्हापासून तो तोंड पाडून बसला होता. तो हसलेला पाहून रिनेटला बरं वाटलं. तिला पक्षी नुसते बघायला आवडत, कॅमेरा त्याचा. पोलोक्वाने शहरातल्या एका दंतवैद्याच्या हाताखाली तिनं सारी नोकरी काढली होती. निवृत्तीनंतर नवरा फोटोंच्या नादी लागला, तशी ती डबे भरायची, रानातल्या रस्त्यांवरून गाडी चालवायची, तो म्हणेल तिथे इंजिन बंद करून श्वास रोखायची. दोघांचं बरं चाललं होतं.

ती आंघोळीला गेली. परत आली तर सारेल स्टुलावर उभा होता, हातात झाडं छाटायची कात्री. खाली पानांचा ढीग.

"अरे, काय केलंस हे?"

"पानं मधे येत होती गं. आता बघ, कसं मोकळं दिसतंय."

त्यानं कात्री पुसून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली. कात्रीसाठी बॅगेत वेगळा कप्पा होता. रिनेटनं ती पुन्हा बाहेर काढली. पात्यांच्या सांध्यात जुना चीक वाळून काळा पडला होता.

तिला घरची भिंत आठवली. खंड्या, राघू, सूर्यपक्षी, सगळे आपापल्या घरट्यापाशी आणि एकाही फोटोत मधे पान नाही. फोटो क्लबातले लोक म्हणत, "सारेल, तुला पार्श्वभूमी इतकी स्वच्छ कशी मिळते रे?" तो म्हणे, "संयम लागतो, बाबांनो." आणि ती त्यांच्यापुढे कॉफी ठेवत असे.

"भिंतीवरचे पण असेच काढलेस?"

"सगळेच काढतात. चार पानं तोडली तर एवढं काय? पुन्हा फुटतील."

"आणि त्या पिल्लांचं काय झालं?"

"मला काय माहीत? आपण काय तिथे राहायला गेलो होतो?"

डिसेंबरचं, इथल्या भर उन्हाळ्यातलं ऊन. दुपारी ते सरळ घरट्यात उतरलं. नर घरट्याच्या काठावर दोन्ही पंख पसरून उभा राहिला. चोच उघडी, गळा धडधडतोय. खाऊ आणायला जावं तर ऊन आत शिरत होतं, म्हणून तो जागचा हलत नव्हता. सारेलचा कॅमेरा मात्र थांबत नव्हता.

"काय क्षण आहे! याचं नाव 'बापाची सावली'. यंदा क्लबाचं पहिलं बक्षीस आपलंच, बघ तू."

बोलता बोलता तो सुकवलेल्या मांसाची पट्टी चावत होता. एक तंतू ओठाला चिकटून लोंबत होता. रिनेटनं आयुष्यभर किडलेल्या दाढा, पू, रक्त पाहिलं होतं आणि नंतर हात धुऊन मजेत जेवली होती. आज पहिल्यांदा तिला बघवेना. याच तोंडाशेजारी आपण इतकी वर्षं झोपलो, असं मनात आलं आणि तिनं मान फिरवली.

तेव्हा तिला दिसलं. एका पिल्लाची मान घरट्याबाहेर लोंबत होती. फांदीवरून मुंग्या निघाल्या होत्या.

सारेललाही दिसलं. "रिनेट, तुझा हात पोचेल बघ. ते मेलेलं जरा खाली पाड ना. फोटोत घाण दिसतंय."

 गाडीतून मोठी काळी छत्री आणून ती स्टुलावर चढली. नर उडून गेला. छत्री फांदीला बांधून पाहिली, तर फांदीच वाकायला लागली. मग तिनं ती हातानं घरट्यावर धरली. मेलेल्या पिल्लाला तिनं हात लावला नाही.

"अगं, छत्री मधे येतेय!"

"येऊ दे."

"रिनेट, लोक बघतायत."

"बघू देत. काय झालं ते विचारलं तर सांगेन."

शेजारच्या तंबूतल्या केनेइल्वेबाई खरंच बघत होत्या. फ्रान्सिसटाउनच्या, नवऱ्याबरोबर आलेल्या. खालची पानं बघून त्यांना विचारावं लागलं नाही. त्या पाणी घेऊन आल्या.

"मी धरू का थोडा वेळ?"

"नको बाई. मीच त्याला दाखवलं होतं घरटं."

बराच वेळ नर लांबच्या फांदीवर बसून राहिला. मग आला, छत्रीखाली शिरला, एका चोचीत माशी घालून गेला. पुन्हा आला. सारेल दोनदा चिडला, एकदा गोड बोलला, शेवटी गाडीत जाऊन बसला.

ऊन नदीपलीकडच्या झाडांमागे गेलं तेव्हा ती खाली उतरली. दोन पिल्लं हलत होती. मादी येऊन त्यांच्यावर बसली.

"आता तरी बघ, कसला आलाय!" सारेल कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरत म्हणाला. "राग धर, पण बघ तरी."

ती त्याला वळसा घालून शेजारच्या चुलीपाशी गेली.

"इथे बसू का जरा?"

केनेइल्वेबाईंनी खुर्ची पुसली आणि मक्याच्या घट्ट लापशीवर पालेभाजी वाढून ताट दिलं. रिनेटनं ते घेतलं, पण दुपारभर छत्री धरून हात इतके भरून आले होते की ताट कललं आणि भाजी कडेला घसरली.  केनेइल्वेबाईंनी शेजारी बसून ताटाला खालून हात लावला आणि तसाच धरून ठेवला.

मागून सारेल हाका मारत होता. रिनेट सावकाश एकेक घास चावत राहिली.