काजळीसाठी पाठीराखीण

डॉक्टरने तळ्यातल्या राक्षसाचं काळीज बाजारात विकून टाकलं, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर. एरवी सज्जन माणूस. पण रविवारी दुपारी नणंदेच्या जेवणाच्या टेबलाशी बसला की तो चोर होतो. खेळच तसा आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सूत्रधार गोष्ट सांगत जाणार, आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. लिफ्ट दुरुस्त करणारा लंबू प्रत्येक दारातून वाकून आत येतो, म्हणून त्याने हौसेने कमरेएवढा बुटका योद्धा घेतलाय. नणंद सूत्रधार. आणि वहिनी, म्हणजे नणंदेची भावजय, काजळी नावाची चेटकीण.

वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेले शब्द एका चिठोऱ्यावर मावतील. गिऱ्हाईक उद्धट बोललं तर ती हसते, घरी कुणी बोललं तर भांडी घासते. काजळी मात्र राजाला त्याच्याच दरबारात ‘ए ढेरपोट्या’ म्हणाली होती, आणि त्या रविवारी घरी जाताना वहिनी रस्त्याने गाणं गुणगुणत गेली. काजळी होती म्हणून वहिनीला स्वतःचा आवाज ठाऊक होता. तिला काजळी जिवापाड प्रिय होती, यात लपवण्यासारखं काही नाही.

आता चेटकिणीची जादू तिची स्वतःची नसते. कुणीतरी मोठी शक्ती तिच्याशी करार करते, काहीतरी मागते आणि बदल्यात जादू देते. या टेबलावर तिला पाठीराखा म्हणतात. काजळीचा पाठीराखा होता तळ्यातला राक्षस. डॉक्टरच्या चोराने त्याचं काळीज बरणीत बघितलं, ‘हे कुणाचं असेल’ असा साधा प्रश्नही न विचारता विकलं, राक्षस मेला, आणि काजळी पोरकी झाली.

“पुढच्या रविवारपर्यंत नवा पाठीराखा आण,” नणंद म्हणाली. “नाहीतर काजळी साधी बाई. मग ती गावात राहील, आपण पुढे जाऊ.”

नणंद औषधाच्या दुकानात बसते. चिठ्ठीशिवाय सख्ख्या भावाला गोळी देत नाही, तर भावजयीला सूट कुठून देणार! टेबलाचे नियम तिचेच. पाठीराख्याने काहीतरी दिलं पाहिजे, काहीतरी मागितलं पाहिजे, आणि त्याला एक दुबळी जागा हवी. सगळ्यात विचित्र नियम असा की पाठीराख्याचं सोंग सूत्रधाराने करायचं नाही, खेळणाऱ्यांनीही नाही. बाहेरचा पाहुणा बोलवायचा, त्याच्या हातात पाठीराख्याची माहिती लिहिलेला पुठ्ठा द्यायचा, आणि त्याने तो वाचून मनाला येईल तसं वागायचं. शक्ती ही ओळखीची नसावी, असं नणंदेचं म्हणणं.

वहिनीने आधी एक ढग काढला. मागेल ते देणारा, काहीच न मागणारा.

“हा पाठीराखा नाही,” नणंद फोनवर म्हणाली, “हे माहेर झालं.”

मग वहिनीने एक लोखंडी सेनापती काढला. प्रत्येक मंत्रामागे आयुष्याचं एक वर्ष खाणारा. नणंदेने तोही परत पाठवला. “असला गिळणारा बाबा कुठेही मिळतो. वहिनी, ज्याची भीती वाटते आणि ज्याच्यावाचून चालतही नाही, असं कुणीतरी काढ.”

वहिनी त्या वेळी एका जाड भिंगाची कड घासत होती. हात थांबले. ज्याची भीती वाटते आणि ज्याच्यावाचून चालत नाही! तिला हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता भिंगाचा टवका उडाला.

सासूबाई कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवलेला प्रत्येक सदरा त्यांच्या दिव्याखालून जायचा. त्या निवृत्त झाल्या, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. आता त्यांच्या दिव्याखालून वहिनी जात होती. वहिनीने ओटा पुसला की त्या बोट फिरवत. तिने घडी घातली की त्या ती उलगडून पुन्हा घालत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभ्या राहात, आणि फार फार तर म्हणत, “बरं आहे.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘बरं’च्या पुढे गाडी गेली नव्हती. आणि तरीही, वहिनी तापाने फणफणली होती तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या त्याच, आणि दुकानात नोकरी धर म्हणून नवऱ्याच्या आधी बोलल्याही त्याच.

वहिनीने एका बैठकीत पुठ्ठा लिहून काढला. नाव ठेवलं ‘उंबऱ्यावरची’. ती उंबऱ्यावर उभी असते, आत येत नाही, जात तर मुळीच नाही. कुलूप उघडायचं तर आधी कडी पुसावी लागते. उजेड हवा असेल तर नको असलेले दिवे आधी मालवायचे. जखम भरते, पण ‘मी सांगितलं होतं’ हे पूर्ण ऐकून घेतल्यावरच. जादू कितीही मोठी होवो, उंबऱ्यावरची ‘बरं आहे’ म्हणते.

दुबळ्या जागेपाशी वहिनी जरा अडली. मग तिच्या डोक्यात असा काही खोडसाळपणा आला की ती एकटीच टाळी वाजवून हसली. तिने लिहिलं, ‘हिच्या तोंडून एकदा जरी छान असा शब्द निघाला, तर करार तिथेच संपतो.’ यापेक्षा सुरक्षित दुबळी जागा जगात नव्हती. सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हाची गोष्ट तेव्हा.

नणंदेने पुठ्ठा वाचला आणि फोनच्या पलीकडून बराच वेळ नुसतं खुसखुसणं ऐकू आलं. “मंजूर,” ती म्हणाली. “आईला कळलं तर तुला आणि मला एकाच खड्ड्यात पुरेल.”

रविवारी पाहुणी म्हणून नणंदेची एक मैत्रीण यायची होती. तिचा घसा बसला, तो नेमका त्याच सकाळी. वहिनी दुपारी पोहोचली तर टेबलाच्या टोकाशी, पाहुण्याच्या खुर्चीत, चष्मा लावून सासूबाई बसलेल्या. लेकीकडे सकाळीच आल्या होत्या आणि खिडक्यांच्या फटी तपासून मोकळ्या झाल्या होत्या.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंद फाशांकडे बघत म्हणाली, “दुसरं कुणी मिळालं नाही गं.” तिचे ओठ मात्र आवळूनही हसत होते. घरभेदी म्हणतात ती अशी.

“मी काय करायचं?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, हा पुठ्ठा वाचायचा आणि या बाईसारखं बोलायचं. वहिनीची काजळी जादू मागेल. द्यायची की नाही ते तू ठरव.”

सासूबाईंनी पुठ्ठा वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला. उजेडाकडे धरून कडाही बघितल्या. लंबूने घसा खाकरला. डॉक्टर उगाच पेन्सिलीला टोक करत बसला. वहिनीचं म्हणजे खाई त्याला खवखवे. तिला वाटत होतं की टेबलाखाली शिरावं आणि तिथेच संसार थाटावा.

“ही बाई कुणावरून काढलीस?” सासूबाईंनी विचारलं.

“आमच्या... दुकानाच्या मालकीणबाई,” वहिनी म्हणाली.

“शहाणी दिसते,” सासूबाई म्हणाल्या. “कडी पुसल्याशिवाय कुलूप उघडू नये, हे बरोबरच आहे. गंज कुलपात जातो. चला, करा सुरू.”

आणि काय सांगावं, बाई रंगल्या! पहिल्याच दारापाशी काजळीने कुलूप उघडायची जादू मागितली, तर उंबऱ्यावरचीने विचारलं, “कशाने पुसलीस?” काजळी म्हणाली पदराने. “अंगावरच्या कापडाने? फडकं आण.” भर शत्रूच्या किल्ल्यात बुटका योद्धा फडकं शोधत हिंडला. चोराला बाण लागला तेव्हा उंबऱ्यावरचीने ‘मी सांगितलं होतं’ इतकं सविस्तर म्हटलं की डॉक्टर खरोखरच कळवळून म्हणाला, “आजी, राहू द्या, मी मरतो.” लंबू हसून हसून खुर्चीवरून घसरला. जादू मात्र प्रत्येक वेळी मिळाली. आणि प्रत्येक जादूनंतर, चष्म्यावरून बघत, “बरं आहे.”

वहिनीलाही मजा येऊ लागली होती. काजळी उलट बोलायला लागली. “फडकंच हवं होतं तर आधी सांगायचं होतं, बाई!” घरी हे वाक्य घशातून वर आलं नसतं. सासूबाईंनी भुवई उचलली आणि म्हणाल्या, “तोंड आहे वाटतं तुला.” ते रागाचं होतं की कौतुकाचं, कुणालाच कळलं नाही.

मग पूल आला. किल्ल्याच्या कोठडीतून सोडवलेली माणसं, खाली दरी, मागे राजाचे शिपाई, आणि दोरांचा जुना पूल, अर्धा कुजलेला. जादूने तो धरून ठेवणं एवढाच उपाय, आणि ते काम काजळीचं.

“पूल धरायला बळ दे,” काजळी म्हणाली.

“माणसं कोण कोण आहेत?” उंबऱ्यावरचीने विचारलं.

“बाया, म्हातारे, पोरं.”

“आधी कोण जाणार?”

“पोरं नाहीत,” काजळी म्हणाली. “आधी एक धडधाकट बाई, पलीकडे घ्यायला कुणीतरी हवं. मग पोरं. म्हातारे मधोमध, दोन्हीकडून आधार मिळेल. लंगडा माणूस शेवटी, त्याला मी स्वतः धरीन.”

“दोर बघितलास?”

“आल्या आल्या बघितला. डावा कुजलाय. तिथे दुसरा बांधला.”

“गाठ?”

“दुहेरी. ओढून बघितली.”

सासूबाई पुढे वाकल्या होत्या आणि त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. वहिनी फासे टाकत होती, एकेक माणूस पलीकडे जात होतं, आणि शेवटी लंगड्याला खांद्यावर घेऊन काजळी पुलाच्या मधोमध आली. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासूबाई तरी पुठ्ठ्यावर बोट फिरवत शोधून पाहात होत्या.

आणि वहिनीला एकदम कळलं, काय होऊ घातलंय ते. जो शब्द ऐकायला ती इतकी वर्षं उंबऱ्याकडे पाठ करून कान टवकारून उभी होती, तो आत्ता येत होता, आणि यायला नको होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. “आई, थांबा,” ती म्हणाली.

“छान,” सासूबाई म्हणाल्या. “छान केलंस.”

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की काजळीच्या दुःखाचं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“करार संपला,” नणंद हळू आवाजात म्हणाली. नियम म्हणजे नियम. “वहिनी, सॉरी. काजळी पुलाच्या मधोमध आहे आणि तिची जादू गेली.”

“कोण म्हणतं गेली?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तू पुठ्ठा वाचलास ना?”

“वाचला, म्हणून तर म्हटलं. करार संपतो असं आहे त्यात. जादू जाते असं कुठे आहे?” त्यांनी चष्मा वर सरकवला. “आमच्या कारखान्यात मी कुणाला छान म्हणत नसे. उगीच नाही. ज्या बाईला छान म्हटलं, तिचे कपडे माझ्या टेबलावर येणं त्या दिवसापासून बंद. तिला तिचा शिक्का द्यायचा. स्वतः शिवायचं, स्वतः तपासायचं, स्वतः शिक्का मारायचा. मग ती बाई शिवण विसरायची का? तिच्या डोक्यावर कुणी उरायचं नाही एवढंच.”

“हा कारखाना नाहीये. इथे सूत्रधार मी आहे,” नणंद म्हणाली.

“सूत्रधार अस तू. उंबऱ्यावरची मी आहे.”

लेक आईकडे बघत राहिली. दोघींच्या हनुवट्या अगदी एकाच कोनात वर गेल्या होत्या. शेवटी नणंदेने वीस बाजूंचा फासा वहिनीपुढे सरकवला. “पाठीराखीण नाही, मदत नाही. काजळीने एकटीने टाकायचं. पंधरा किंवा वर, तर जादू तिची स्वतःची. नाहीतर दरी.”

वहिनीने फासा मुठीत धरला. तिने कुणाकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही, आणि टाकला.

सतरा.

लंबूने टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. डॉक्टरने काजळीचा, लंगड्याचा आणि स्वतःचाच जयजयकार केला. नणंदेने काजळीच्या कागदावरची पाठीराख्याची ओळ खोडली आणि तिथे ‘स्वतः’ असं लिहिलं. वहिनी रडत हसत होती आणि कुणालाही ते चालत होतं.

चहा पुसून झाल्यावर ती फडकं हातात धरूनच सासूबाईंच्या खुर्चीशी आली. काजळीचं धैर्य अजून अंगात होतं, तेवढ्यात विचारून घ्यावं म्हणून.

“आई, ते छान तुम्ही काजळीला म्हणालात, की मला?”

सासूबाईंनी चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो मांडीवर ठेवला.

“काजळीला,” त्या म्हणाल्या. “तुला म्हटलं तर मी उद्यापासून कुठे उभी राहू?”