सातव्या रांगेतली हाक

‘मिठाची वाट’ हे संगीत नाटक मी तेहेतीस वेळा पाहिलं होतं. आकडा लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक प्रयोगाला शिक्का मारून देतात, तशी दहा-दहा शिक्क्यांची तीन भरलेली कार्डं माझ्या पर्समध्ये असतात आणि चौथ्यावर तीन शिक्के झाले होते. सोल, देगू, बुसान, जिथे प्रयोग तिथे मी. आता दौरा आमच्याच गावात, जॉन्जूत येणार होता. तीन दिवस, पाच प्रयोग. त्यातले दोन बान दो-युलचे.

दो-युल हा नट त्यात मीठ वाहणाऱ्या नायकाचं काम करतो. ही भूमिका दोघे जण आलटून पालटून करतात. दुसरा दिसायला बरा आहे, एवढंच मी त्याच्याबद्दल बोलेन. दो-युलला मी बारा वर्षं बघतेय. तो मागच्या रांगेत टोपली धरून उभा राहायचा तेव्हापासून. या बारा वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. प्रयोग संपला की चाहते मागच्या दाराशी रांग लावतात, पत्रं देतात, नट वाकून नमस्कार करत गाडीकडे जातात. मी लांब, कॉफीच्या यंत्रापाशी उभी राहते. मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर गप्प बसून मोजणं हे माझं काम, आणि मला तेच जमतं.

नाटकाच्या शेवटी ‘भरती’ नावाचं गाणं आहे. त्यातला शेवटचा सूर तो अकरा सेकंद धरतो. धरायचा. देगूला त्याने तो सातवर सोडला. लगेच आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सुरू झालं, आवाज गेला, घसा बसला, आता संपलं. जॉन्जूतही सोडला, तर पाठोपाठ सोलला जो मोठा मुक्काम आहे त्यात त्याला घेणार नाहीत, असं आतल्या गोटातल्यांचं म्हणणं. मला रात्ररात्र झोप येईना. तो सूर एकदा, पूर्ण, माझ्या गावात ऐकायचा, एवढंच मला हवं होतं.

शनिवारच्या प्रयोगाची माझ्याकडे दोन तिकिटं होती. मैत्रिणीला ताप आला. सकाळी नाश्त्याला मोड आलेल्या सोयाबीनचं सूप ओरपता ओरपता माझ्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं, “काय गं यॉन-सिल, तो रोज तेच गातो?”

“हो.”

“तेच शब्द? त्याच चालीत?”

“हो, अप्पा.”

“मग तेहेतीस वेळा तू बघतेस काय?”

“फरक,” मी म्हटलं.

अप्पांनी चमचा खाली ठेवला. अप्पा पानसोरीचे ढोलकरी. एक बाई उभी राहून चार-चार तास गोष्ट गाणार आणि शेजारी बसून हे ढोल वाजवणार, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं, आणि तेही एकाच गायिकेबरोबर. गुक बाई दोन वर्षांपूर्वी थंडीत गेल्या. त्या दिवशी अप्पांनी ढोलाला खोळ घातली आणि तो कपाटावर चढवला. त्यानंतर कशाबद्दलही त्यांनी इतका नीट प्रश्न विचारला नव्हता.

“मग मला ने,” ते म्हणाले. “बघू तरी कसला फरक.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. संगीत नाटकाला जाणारे आमचे लोक कसे बसतात हे त्यांना कुठे ठाऊक! आम्ही त्याला मढं होणं म्हणतो. पुढे वाकायचं नाही, मागच्याला दिसत नाही. जाकिटाचा आवाज होता कामा नये. खोकला आला तर गिळायचा. मी टॅक्सीत सगळे नियम सांगितले.

“श्वास घेऊ का?” अप्पांनी विचारलं.

“हळू घ्या.”

“अरे बाबा,” ते टॅक्सीवाल्याला म्हणाले, “नाटकाला चाललोय की माझ्याच मयताला?”

टॅक्सीवाला इतका हसला की सिग्नल सुटलेला त्याला कळलं नाही.

सातव्या रांगेत चौदा आणि पंधरा नंबर. अप्पा खरंच शहाण्यासारखे बसले. फक्त दिवे मंद झाल्यावर मान वळवून हजारभर माणसं एकदा बघून घेतली आणि माझ्या कानात म्हणाले, “इतकी माणसं आणि एकही आवाज देत नाही? गाणाऱ्याने कसं समजायचं, जागे आहेत म्हणून?” मी त्यांचा गुडघा दाबला. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

‘भरती’ सुरू झालं. मी मांडीवर बोटं धरली, मोजायला. पहिली ओळ छान. दुसरीही. गाण्यात मीठ भिजतंय, पाणी चढतंय, नायकाचा भाऊ काही परत येत नाही, आणि शेवटच्या सुराआधी एक क्षण सगळी वाद्यं थांबतात. त्या क्षणी नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

टाचणी नाही पडली. माझ्या शेजारून, पोटाच्या पार तळातून आवाज आला, “ऑऽल्सू!”

पानसोरीत ‘वाहवा’ म्हणून ही हाक घालतातच. ढोलकरी घालतो, ऐकणारे घालतात, नाही घातली तर गाणाऱ्याचा अपमान. पण इथे! पुढच्या सहा रांगांतली डोकी एकदम वळली. रंगमंचावर दो-युल थांबला. वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात हवेत तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चेहरा दोन्ही हातांत लपवला आणि कानात नुसतं रक्त धडधडायला लागलं. कधीतरी टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो सूर मी ऐकलाच नाही.

बाहेर गारगोटी भेटली. हे तिचं ग्रुपवरचं नाव. सहा वर्षांची मैत्री, पण खरं नाव मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. ती लालबुंद झाली होती.

“ताई, ऐकलंस? कोण होता गं तो थेरडा? ग्रुपवर नुसती आग लागलीय. असल्यांना दारातच अडवायला पाहिजे!”

“मीच तो,” अप्पा म्हणाले आणि टोपी काढून तिला नमस्कार केला.

गारगोटीचं तोंड उघडं ते उघडंच. दातांचं काम करणारी असल्यामुळे मला दिसलं, खालची दाढ भरायला झालीय.

“किती... किती धरला?” मी तिला कसंबसं विचारलं.

“अकरा,” ती पुटपुटली. “पूर्ण अकरा. तेच तर कळत नाहीये.”

मी अप्पांकडे वळले. “तुम्हाला नियम सांगितले होते ना? एवढा एकच दिवस मागितला होता तुमच्याकडे!”

“ओरडलीस तरी चालेल, पण मग ओरड. आधी मला त्या पोराला एक विचारायचंय. नट बाहेर कुठून पडतात?”

“अप्पा, नाही.”

पण ते निघालेसुद्धा. मागच्या दाराशी शंभरेक मुली शिस्तीत ओळीने उभ्या होत्या, हातात पत्रं. उन्हं अजून पायऱ्यांवर होती. मी सवयीने कॉफीच्या यंत्रापाशी थबकले आणि अप्पा सरळ रांगेच्या मधून चालत पुढे गेले. दार उघडलं. दो-युल बाहेर आला, वाकला, आणि समोर बघतो तर टोपी हातात घेतलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा.

“पोरा, दुसऱ्या ओळीपासून खांदे का उचलतोस?” अप्पांनी विचारलं.

रांगेतून कुणीतरी “हाच तो!” म्हणून कुजबुजलं. मी धावले. बारा वर्षांत पहिल्यांदा यंत्र सोडून धावले, आणि धावता धावता माफीची वाक्यं जुळवत होते. त्यातलं एकही वापरावं लागलं नाही. दो-युल कंबरेत पूर्ण वाकला होता आणि वर येईचना.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “आत येता का जरा?”

मग माझ्याकडे बघून, “तुम्हीही या. तुम्ही त्या यंत्राजवळच्या ना? राखाडी कोटवाल्या.”

अप्पांनी माझा दंड धरला आणि आत नेलं.

आतल्या अरुंद खोलीत आरशासमोर आल्याचा काढा आणि वाफेचं भांडं होतं. दो-युलने दार लावून घेतलं.

“देगूपासून असं होतंय,” तो म्हणाला. “डॉक्टर सांगतात घशाला काही झालेलं नाही. पण ती शांतता आली की मला वाटतं, ही सगळी मोजताहेत. आणि मग श्वासच खाली जात नाही. आज तर काहीच शिल्लक नव्हतं. तुमची हाक आली, मी दचकलो, आणि दचकताना जो श्वास आत गेला त्याच्यावर सूर लागला. तुम्हाला कसं कळलं?”

मी माझी बोटं कोटाच्या खिशात घातली.

“डोळे मिटल्यावर जास्त कळतं,” अप्पा म्हणाले. “चाळीस वर्षं एका बाईचा श्वास ऐकत बसायचं काम होतं माझं. ढोल काय, कुणीही बडवेल. ती दमायच्या एक क्षण आधी आपण हाक घालायची, म्हणजे तिला घोटभर हवा मिळते आणि लोकांना वाटतं, म्हातारा खूश झाला. तू दुसऱ्या ओळीपासून इथून श्वास ओढतोस.” त्यांनी त्याच्या गळपट्टीला बोट लावलं. मग पोटावर टिचकी मारली. “इथून घे. गा बघू. हळूच.”

दो-युल गुणगुणायला लागला. अप्पांनी स्वतःच्या गुडघ्यावर ठेका धरला. दोन वर्षांत मी त्यांचा हात असा चालताना पाहिला नव्हता. वाद्यं थांबतात ती जागा आली तसा त्यांनी हात वर धरून ठेवला. धरला, आणखी धरला.

“बघ, घाई केलीस. ही जागा मोकळी आहे म्हणून घाबरतोस. तुला वाटतं ती लोकांची आहे. अरे, ती तुझी आहे! त्यात आरामात बस, मग ऊठ.”

तीनदा गाऊन घेतलं त्यांनी. तिसऱ्यांदा दो-युलचे खांदे जागेवर राहिले. तेहेतीस नव्हे, चौतीस प्रयोग मी फरक बघत होते. सेकंद मोजत होते, पट्टी लावून. आणि माणूस माझ्या समोर गुदमरत होता ते मला एकदाही दिसलं नव्हतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“उद्या शेवटचा प्रयोग,” दो-युल म्हणाला. “सोलची माणसं बघायला येणारेत. गुरुजी, तुम्ही तिथे बसलेले आहात एवढं नुसतं माहीत असलं तरी... पण एकही खुर्ची उरलेली नाही. मी सकाळीच विचारलं होतं आईसाठी.”

माझ्या पर्समध्ये उद्याचं एक तिकीट होतं. सातवी रांग, चौदा नंबर. त्यासाठी मी पहाटे गजर लावून कम्प्युटरपुढे बसले होते. आज निसटलेला सूर उद्या मिळेल, हाच तेवढा माझा दिलासा होता.

“आहे एक,” मी म्हटलं, आणि पटकन काढून अप्पांच्या हातात कोंबलं, विचार बदलायच्या आत.

दो-युलने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला काही विचारायचं होतं का मला? इतकी वर्षं येताय, पण कधी बोलला नाहीत.”

बारा वर्षांचे प्रश्न साठले होते. मी म्हटलं, “पाणी पीत जा.”

रविवारी दुपारी दोनला अप्पा ठेवणीतला पांढरा लांब अंगरखा घालून आत गेले. मी बाहेरच्या दालनात. उशिरा येणाऱ्यांसाठी तिथे भिंतीवर आतला प्रयोग दाखवणारा एक पडदा असतो, त्याला डब्यातून आल्यासारखा आवाज. दारावर काळ्या गणवेशातली एक मुलगी, आणि मी. अडीच तास मी उभीच होते.

‘भरती’ आलं. पहिली ओळ. दुसरी. मी मोजायला बोटं वर केली नाहीत, त्याचे खांदे बघत राहिले. पडद्यावर तो माझ्या करंगळीएवढा दिसत होता, पण खांदे दिसत होते. वाद्यं थांबली.

आता अप्पा हाक घालतील, मला वाटलं. घाला ना. आत शांत. घाला, अप्पा! तरी शांत. ती जागा लांबली, कालच्यापेक्षा लांबली, आणि तो तिच्यात आरामात बसून राहिला होता. मग त्याचं पोट हललं, आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या मढ्याच्या तोंडून, निघालं, “ऑऽल्सू!”

गणवेशवाली ओठांवर बोट ठेवून धावत आली. तिच्या डोक्यावरून मी पडद्याकडे बघत राहिले. सूर लागला होता आणि डब्यातल्या आवाजातसुद्धा तो भरून आला होता. किती सेकंद ते मला माहीत नाही. गारगोटी नंतर तेरा म्हणाली.

दारं उघडली. अप्पा बाहेर आले तशी ती मुलगी त्यांच्याकडे गेली. “आजोबा, ह्या बाई तुमच्याबरोबरच्या ना? त्यांना जरा समजवा. ओरडत होत्या.”

“तुम्ही का नाही ओरडलात?” मी अप्पांना विचारलं. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसत नव्हते.

“गरज नव्हती,” ते म्हणाले. मग त्या मुलीकडे वळले. “कुठून ओरडली ही? पोटातून की घशातून?”

“अं? म्हणजे... घशातून असेल.”

“वाटलंच मला.” अप्पांनी टोपी घातली. “यॉन-सिल, आपल्याकडे ते उंच स्टूल आहे ना अजून? घरी गेल्यावर काढ. कपाटावर हात पोचत नाही माझा.”