बेचाळिसाव्या पानावरचे टाके

घरात मला सगळे 'वावटळ' म्हणतात, कारण मी एका गोष्टीवर टिकत नाही. आधी बुद्धिबळ, मग दोरीच्या एकवीस गाठी, मग पक्ष्यांची वही आणि सध्या ग्रह-तारे. दादा म्हणतो, "हिचं सगळंच सटरफटर." म्हणू दे.

तर ताऱ्यांसाठी परवा दुपारी वाचनालयात गेले आणि दारातच ठेचकाळले. तीन खोकी! वर खडूने लिहिलेलं : रद्द.

"बाई, ही कुठे निघाली?"

"शूः!" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. (आमच्या वर्गात त्यांचं नावच शूबाई आहे.) "पाच वर्षांत ज्यावर एकही शिक्का नाही ते पुस्तक रद्दीत. पाचला रद्दीवाला येतोय."

शिक्का म्हणजे पुस्तक घरी नेताना मागच्या चिठ्ठीवर मारतात तो तारखेचा. मी वरचं पुस्तक उचललं. मधमाश्यांबद्दल होतं. आजोबा गेल्यापासून मी इथलं कुठलंही पुस्तक आधी बेचाळिसाव्या पानावर उघडते. उघडलं. आकड्याखाली पेन्सिलीच्या तीन बारीक रेघा होत्या, धावदोऱ्याच्या टाक्यांसारख्या.

आजोबा शिंपी होते. त्यांनी शिवलेल्या पहिल्या कोटाची छाती बेचाळीस, म्हणून पान बेचाळीस. पुस्तक वाचून झालं की तिथे टाके घालायचे, म्हणजे तेच पुन्हा हातात यायला नको. "ते काय कोट आहे, उसवून परत शिवायला?" असं म्हणायचे. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं. शेवटची काही वर्षं त्यांना घरचा उजेड पुरेना. मग ते इथे खिडकीशी बसूनच वाचायचे. घरी न्यायचेच नाहीत, तर शिक्का कुठून पडणार?

मी फतकल मारून बसले आणि तिन्ही खोकी उपसली. टाक्यांची पुस्तकं निघाली बावीस! कुस्तीचे डाव, पुलांचं बांधकाम, पोहणं, जादूचे प्रयोग. एक तर चक्क पाणबुड्यांवर! ज्या माणसाने आयुष्यभर मापं घेतली, त्याला पाणबुडीत काय बघायचं होतं? मला हसू येत होतं आणि नाकही ओढावं लागत होतं. सटरफटर कुठून आलं ते आता कळलं.

"बाई, ही बावीस देऊ नका. ही वाचलेली आहेत."

"कशावरून?"

इथेच खरी पंचाईत होती. पुस्तकावर खूण करणं हा बाईंच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा, भिंतीवर पाटीसुद्धा आहे. आणि आजोबा म्हणजे त्यांचे सगळ्यात शहाणे वाचक. खरं सांगावं तर आजोबांचं नाव जाणार, न सांगावं तर पुस्तकं. घड्याळात अडीच वाजले होते. मी पान उघडून समोर धरलं.

"आजोबांनी केलंय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अकरा वर्षं! अकरा वर्षं शोधतेय मी हा माणूस! आणि कोणी खुणा करताना दिसलं तर मला सांगा, असं मी शिंपीकाकांनाच बजावून ठेवलं होतं!"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, लक्ष ठेवतो." त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला, पण लगेच जागेवर आला. "तरी नियमात शिक्का आहे. रेघा नाहीत."

"मग शिक्का मारा. मी नेते."

"एका कार्डावर दोन."

"अकरा कार्डं आणली तर?"

"पाचपर्यंत," बाई म्हणाल्या.

मी सायकल अशी दामटली की चेन दोनदा पडली. घरून आईबाबांची कार्डं घेतली. शेजारच्या काकूंनी डाळीच्या डब्यातून आपलं काढून दिलं. आजोबांचं दुकान आता त्यांचा शिष्य चालवतो, त्याने मशीन थांबवून स्वतःचं आणि बायकोचंही दिलं. तीन मैत्रिणी झाल्या, गणिताचे सरसुद्धा झाले. पाचला दहा मिनिटं असताना माझं धरून दहा कार्डं होती. आणि दादा? त्याने दुपारीच "वेड लागलंय तुला" म्हणून दार लावून घेतलं होतं.

बाहेर रद्दीवाल्याची हातगाडी थांबली. माझी दोन पुस्तकं उरली होती. मी ती पोटाशी धरून टेबलासमोर उभीच राहिले. उचलून न्यायचं तर मलाही उचला म्हणावं!

तेवढ्यात दादा धापा टाकत आत आला. "घे कार्ड. पण कुस्तीचं माझ्या नावावर."

"शूः!" बाई म्हणाल्या आणि ठप, ठप, ठप शिक्के मारत सुटल्या. बाविसावा झाल्यावर त्यांनी खणातून कोरं खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवलं. "सगळ्या खुणा पुसून आणायच्या."

माझा चेहरा पडला असणार. पण मग सुचलं. "पुसते बाई. पण प्रत्येक पुस्तक आधी पूर्ण वाचणार, मगच पुसणार."

"मुदत पंधरा दिवसांची आहे."

"वाढवून मिळते, पाटीवर लिहिलंय."

बाईंनी पाटीकडे एकदा पाहिलं आणि शिक्का खणात ठेवला. शूः सुद्धा म्हणाल्या नाहीत.

काल दादाने खोलीत डोकावून विचारलं, "आता मधमाश्या? हे काय नवीन?"

"जुनंच आहे," मी म्हटलं. अडतिसाव्या पानावर आलेय. खोडरबर कंपासमध्ये आहे, वरचा कागद अजून फाडलेला नाही. आणि अजून एकवीस पुस्तकं बाकी आहेत.