रिबिनीखालून

सावेडीच्या टोकाला, जिथे बंगले संपून ज्वारीची रानं सुरू होतात, तिथे विद्यापीठाचं अतिसूक्ष्म तंत्रज्ञान संशोधन केंद्र होतं. मीटरच्या अब्जाव्या भागाचा अभ्यास करणाऱ्या या केंद्राचा फलक अठरा फूट लांब होता. सप्टेंबर १९९७ मध्ये तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. कंपनीच्या इंजिनियरने तो चार दिवसांत बसवला, जयमाला साळवेला चालवायला शिकवला आणि तो निघून गेला. त्याच दुपारी संचालक राधाकृष्ण सरांनी खोलीच्या दाराला आडवी लाल रिबीन बांधली.

उद्घाटन व्हायचं होतं.

जयमाला पीएच.डी. करत होती. साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या राखेत डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते तिला मोजायचे होते. पाच वर्षांचं काम झालं होतं. राहिले होते फक्त त्या कणांचे फोटो, आणि ते या यंत्राशिवाय निघत नव्हते. ३१ मार्चपर्यंत प्रबंध विद्यापीठात गेला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. तिसरी मिळत नाही, हे तिला लेखी कळवलेलं होतं.

केंद्राचं त्रैमासिक वार्तापत्रही तीच लिहायची. त्यात ‘वार्ता’ आणि ‘संधी’ अशी दोन सदरं होती. ऑक्टोबरची वार्ता: केंद्रात अत्याधुनिक यंत्र दाखल. संधी: इच्छुक संशोधकांनी उद्घाटनानंतर अर्ज करावेत. जानेवारीची वार्ता: यंत्राचे उद्घाटन लवकरच. संधी तीच.

उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते होतं. ऑक्टोबरात मंत्र्यांना वेळ नव्हता. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आलं. त्यामागोमाग लोकसभेची निवडणूक लागली आणि आचारसंहिता आली. जयमाला फेब्रुवारीत सरांपुढे उभी राहिली.

“सर, मला फक्त सहा दिवस पाहिजेत.”

“साळवे बाई, वास्तुशांत व्हायच्या आधी कुणी बिऱ्हाड थाटतं का?”

“जुन्या घरातून बाहेर काढलं तर थाटावंच लागतं, सर.”

सर हसले नाहीत. “मंत्र्यांच्या आधी कुणी बटण दाबलं हे बाहेर गेलं, तर केंद्राला पुढचं यंत्र मिळेल का? संस्थेचा विचार करा.”

शिपाई गोरक्षनाथ रोज सकाळी रिबिनीवरची धूळ फडक्याने झटकायचा. “ताई, आतलं मशीन तुमी बघा,” तो म्हणायचा, “माझ्याकडं हिचं खातं हाय.”

निवडणूक झाली आणि मार्चमध्ये तारीख मिळाली: मंगळवार, २४ मार्च. पाठोपाठ मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. मागे एका पाणीयोजनेवर साहेबांनी कळ दाबली होती आणि नळ कोरडाच राहिला होता. पेपरवाल्यांनी नेमका तोच फोटो छापला. त्यामुळे तुमच्याकडे पडद्यावर काहीतरी दिसलंच पाहिजे, नाहीतर साहेब येणार नाहीत.

सरांनी जयमालाला बोलावून घेतलं. “रंगीत तालीम करावी लागेल. किती दिवस लागतील?”

“सहा,” जयमाला म्हणाली.

“एका बटणाला सहा दिवस?”

“मंत्र्यांचं बटण आहे, सर.”

हे सरांना पटलं. “पण रिबीन सोडायची नाही. वाकून जा.”

सतरा ते बावीस मार्च जयमाला रिबिनीखालून वाकून आत गेली आणि वाकून बाहेर आली. गोरक्षनाथ दोन बोटांनी रिबीन वर धरायचा. सहा दिवसांत तिने चौदा फोटो काढले. राखेचे कण तिच्या हिशेबाहूनही बारीक निघाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने दुपारचा डबा संपवला.

चोवीस तारखेला सरांनी धुळीविरुद्ध मोहीमच उघडली. चपला बाहेर, खोलीभर नवा गालिचा. नारळासाठी गोरक्षनाथ दगड घेऊन आला तर सर ओरडलेच. “दगड? इथे? धूळ, गोरक्षनाथ, धूळ!” दगड पोर्चमध्ये गेला.

बरोबर अकराला मंत्र्यांनी रिबीन कापली, बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरेशुभ्र गोल दाणे उमटले.

“साखर का?”

“राख आहे, साहेब. कारखान्याची,” जयमाला म्हणाली.

“मग चेअरमनला दाखवा एकदा. त्याच्या साखरेपेक्षा राख देखणी निघाली.”

सगळे हसले. पाहुण्यांत बसलेले कारखान्याचे चेअरमनही हसले, त्यांना हसावंच लागलं. मग भाषणं झाली आणि कुणीतरी मंत्र्यांच्या हातात नारळ दिला. मंत्र्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. खाली गालिचा, बाजूला काचा. कोपऱ्यात यंत्राच्या पंपाची लोखंडी पेटी होती. जयमाला “साहेब” म्हणेपर्यंत दुसऱ्या दणक्याला नारळ फुटला आणि पाणी पेटीच्या जाळीतून सरळ आत गेलं. फट्ट असा आवाज आला. जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला.

मंत्र्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीने कळवलं की भाग जपानहून मागवावे लागतील, चार महिने तरी धरा. जयमाला चौदा फोटो आणि दाखल्याचा कागद घेऊन सरांकडे गेली. फोटो केंद्राच्याच यंत्रावर काढले आहेत, एवढी एक ओळ आणि खाली संचालकांची सही. त्याशिवाय प्रबंध स्वीकारत नसत.

सरांनी फोटोंच्या तळाशी बोट ठेवलं. “ही तारीख कुणी टाकली?”

“यंत्रच छापतं, सर.”

“एकोणीस मार्च. उद्घाटन चोवीसला. म्हणजे उद्घाटनाआधी यंत्र वापरलं, असं मी सहीनिशी लिहून देऊ?”

“तालीम होती. तुम्हीच सांगितलंत.”

“तालमीचा कागद नाही. तारखेवर पट्टी चिकटवा आणि चोवीस लिहा.”

“खोटी तारीख मी लिहिणार नाही, सर. आणि चोवीसला यंत्र जेमतेम पाऊण तास चालू होतं, तेही भाषणांत. परीक्षकांनी विचारलं, एवढ्यात चौदा फोटो काढले कुणी, तर मी काय मंत्र्यांचं नाव सांगू?”

सरांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. गुरुवार गेला. शुक्रवारी जयमाला सकाळपासून त्यांच्या केबिनमध्ये समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. ती बोलत नव्हती आणि उठतही नव्हती. चहा घेऊन आलेला गोरक्षनाथ कप ठेवूनही तिथेच घुटमळला.

“सायेब, एक बोलू का? नारळ तर मी सतरालाच फोडलाय.”

“काय?”

“ताई पयल्यांदा आत जानार हुत्या ना, त्याच्या आदी. बाहेर पायरीवर. येवढं मोठं मशीन, तसंच कसं चालू करायचं?” तो जयमालाकडे वळला. “तुमच्यात न्हाई फोडत, म्हनून तुमाला बोललो न्हाई.”

“परवानगी कुणाची घेतली होती?”

“परसाद दिल्ता की तुमाला. चहासंगट खोबरं खाल्लं तुमी. गोड हाय म्हनलात.”

सरांना खोबरं आठवलं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. “बाई, लिहून घ्या. यंत्राचे तांत्रिक उद्घाटन दिनांक सतरा मार्च रोजी श्री. गोरक्षनाथ शिंदे, शिपाई, यांच्या हस्ते झाले. दिनांक चोवीसचा कार्यक्रम औपचारिक स्वरूपाचा होता.”

“‘विधिवत’ झाले असं घालू का, सर?”

“घाला.”

त्यांनी आदेशावर सही केली, मग ड्रॉवर उघडून दाखल्यावर केली. “हा आदेश बाहेर जाता कामा नये.”

“प्रबंधाला जोडावा लागेल.”

सरांनी डोळे मिटले. “शेवटी जोडा. तिथपर्यंत कुणी वाचत नाही.”

सोमवारी, तीस मार्चला, जयमाला पहिल्या एसटीने विद्यापीठात पोचली. खिडकीतल्या बाईंनी प्रबंध हातात घेतला, पालथा केला आणि शेवटचंच पान वाचलं.

“हे गोरक्षनाथ शिंदे कोण? मोठे शास्त्रज्ञ का?”

“नाही, शिपाई आहेत,” जयमाला म्हणाली. “पण यंत्र त्यांच्यामुळे सुरू झालं.”

बाईंनी पुन्हा एकदा ते पान वाचलं, सही जुळवून पाहिली आणि पहिल्या पानावर आवकचा शिक्का मारला.