झोळीचे वजन

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. मला दोन आकडे आहेत. एक तोंडावर, लाल सुई दाखवते तो. दुसरा पोटाखाली, लोखंडी, वस्तू अडकवायचा. कारखान्यात तपासनीस काकांनी त्या लोखंडी आकड्याला एकामागून एक पितळी वजने लावून पाहिली आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सरळ आहेस. असाच राहा." मी तसाच राहिलो. तरीही माझे काय झाले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझी नेमणूक बाळांच्या दवाखान्यात झाली. दोनच खोल्या. एकीत बाकडी, दुसरीत टेबल, हात धुवायचे बेसिन आणि छताच्या कडीला टांगलेला मी. सगळा कारभार सिस्टरांच्या हाती. ठेंगण्या, गोलमटोल आणि बोलू लागल्या की बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा. सकाळी आल्या की हातातली पिशवी ठेवायच्या आधी त्या माझ्याकडे यायच्या. रिकामी झोळी माझ्या आकड्याला अडकवायच्या, मागचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायच्या आणि जमलेल्या आयांना विचारायच्या, "मी हे रोज का करते?"

"झोळीचं वजन बाळाच्या नावावर लागू नये म्हणून!" आया एका सुरात सांगायच्या.

वजन करणे हे सिस्टरांना एक निमित्तच होते. त्यांना खरी हौस होती ती बायकांना विचार करायला शिकवण्याची.

एकदा टॅक्सी चालवणारी एक बाई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन रडतच आली. मागे सासूबाई. "सिस्टर, पोर घटली हो! मागच्या महिन्यापेक्षा कमी भरली."

"मी म्हटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "आई दिवसभर गाडीवर, मग पोरीच्या अंगाला काय लागणार?"

"आजी, जरा दम धरा," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या वेळी हिच्या अंगात काय होतं?"

"स्वेटर. एकावर एक. थंडी होती ना."

"आणि दूध?"

"नुकतंच पाजलं होतं. आज मात्र झोपेतूनच उचलून आणलीय."

सिस्टरांनी ते स्वेटर, टोपडे, पायमोजे मागवून घेतले आणि सगळे बोचके माझ्या आकड्याला लटकवले. सुई चांगलीच हलली. "घटलंय ते हे बोचकं. पोर जागच्या जागी आहे," सिस्टर म्हणाल्या. टॅक्सीवाली रडता रडता हसली. सासूबाईंनी उगाच चष्मा पुसला.

त्या दिवसापासून टॅक्सीवाली सिस्टरांची पट्टशिष्या झाली. "एक आकडा म्हणजे एक पाऊल," सिस्टर सांगायच्या. "एका पावलावरून माणूस कुठं निघालाय ते कळत नाही. मागची पावलं बघा. आणि दोन आकडे एकमेकांशी भांडायला लागले, तर समजा, कुठंतरी काहीतरी लपलंय."

हे शिक्षण दवाखान्याच्या बाहेरही गेले. टॅक्सीवालीने एकदा येऊन सांगितले, "मला वाटायचं, नदीकाठचा रस्ताच जवळचा. एकदा लवकर पोचले होते, तेवढंच डोक्यात बसलेलं. आता रोज वेळ बघतेय, तर बाजाराचा रस्ता बरा निघाला!" एक विक्रेता पौष्टिक पावडरीचे डबे घेऊन आला आणि म्हणाला, ही खाऊन दहातली नऊ बाळे गुटगुटीत झाली. तेव्हा सासूबाईंनीच त्याला धारेवर धरले. "कुठली दहा? आणि पावडर न खाता किती झाली, ते मोजलंस का?" बिचाऱ्याने डबे आवरले.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. आया येता-जाता माझ्या तबकडीवर प्रेमाने टिचकी मारायच्या. मला वाटायचे, सिस्टर आणि मी एकाच मातीचे.

मग वरच्या कार्यालयातले साहेब आले. आमच्या दवाखान्यासारख्या ज्या केंद्रात अशक्त बाळे जास्त, ते केंद्र नीट चालत नाही असे धरून बंद करणार, असे त्यांनी उभ्या उभ्याच सांगितले.

"साहेब, आमच्याकडे अशक्त बाळं जास्त येतात, कारण इथं ती बरी होतात," सिस्टर म्हणाल्या. "नुसती किती आहेत ते बघू नका. आली कशी आणि गेली कशी, ते बघा ना."

किती नेमके बोलल्या होत्या! साहेबांनी घड्याळ पाहिले आणि ते निघून गेले.

थोड्याच दिवसांत सिस्टरांनी नवी झोळी शिवून आणली. जाड, आत कापूस भरलेली, खाली लाकडी फळी. "बाळांच्या पाठीला रुतू नये म्हणून," त्या म्हणाल्या. आया हरखून गेल्या. पण त्या सकाळी सिस्टरांनी रिकामी झोळी मला अडकवलीच नाही. त्यांनी मला रिकाम्यानेच शून्यावर आणले. मग बाळाला टेबलावरच झोळीत ठेवले आणि झोळीसकट उचलून माझ्या आकड्याला लावले. मला वाटले, विसरल्या असतील. माणूस आहे, विसरणारच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका आईने विचारले, "सिस्टर, शून्य बघायचं राहिलं का?"

"हे काय, शून्यावरच तर आहे," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला नाही.

मी एका कणाचेही खोटे बोलत नव्हतो. जे लटकवले ते मोजत होतो. पण माझ्या खऱ्या बोलण्यातून रोज खोटे बाहेर पडत होते. मला तोंड होते, पण हाक मारायला आवाज नव्हता.

केंद्रातली बाळे एकाएकी बाळसेदार झाली. साहेबांनी कौतुक केले. आयांनी टाळ्या वाजवल्या.

टॅक्सीवालीला एव्हाना दुसरे मूल, मुलगा, झाले होते. काही महिन्यांचे ते बाळ दूध ओढताना दमायचे. सिस्टरांनी त्याला नव्या झोळीत ठेवले. "वाढलंय की वजन! निर्धास्त राहा," त्या म्हणाल्या. झोळी किती जड आहे ते त्यांना ठाऊक होते. मनातल्या मनात वजाबाकी करणे त्यांना सहज जमले असते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी ती केली होती, मित्रांनो. फक्त ओठांवर आणली नाही.

टॅक्सीवाली घरी गेली. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा तिच्या हातात बाळ होते आणि पिशवीत साखरेची दोन सीलबंद पाकिटे.

"सिस्टर, याची झबली सैल झालीत आणि वजन वाढलंय. दोन्ही एकदम खरं कसं असेल?"

तिने एक पाकीट झोळीत ठेवून झोळी मला लावली. पाकीट किलोचे, पण सुई एकच्या बरीच पुढे गेली. दुसरे पाकीटही ठेवले. या वेळी सुई बरोबर एका किलोनेच सरकली; वरचा फरक होता तेवढाच राहिला. "काटा बिघडला असता तर फरकही वाढला असता," ती स्वतःशीच बोलली. मग तिने झोळी काढली आणि दोन्ही पाकिटे पिशवीच्या बंदाने थेट माझ्या आकड्याला लावली. सुई बरोबर दोनवर थांबली.



"काटा खरा आहे," टॅक्सीवाली म्हणाली. "तुम्ही झोळी मोजताय. सिस्टर, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

सिस्टर झोळी आवरू लागल्या. टॅक्सीवाली बाळाला उचलून थेट मोठ्या रुग्णालयाकडे गाडी हाकत गेली. बाळाच्या हृदयात दोष निघाला. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

रुग्णालयाने वर कळवले आणि ती अजून तिथेच असताना केंद्रात चौकशी झाली. सगळ्या आयांसमोर साहेबांनी विचारले, "असं कसं झालं?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. "काटा जुना झालाय, साहेब. त्यानंच चुकीचं दाखवलं."

मला खाली उतरवले. माझ्या तबकडीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवली. मागच्या अडगळीच्या खोलीत मला एका खिळ्याला टांगले. जी आई रोज मला टिचकी मारायची, तीच जाताना म्हणाली, "मेल्यानं घात केला असता!"

शस्त्रक्रियेनंतर टॅक्सीवाली बाळाला घेऊन आली, तेव्हाचे सगळे मी दाराआडून ऐकले.

"काटा खोटा नव्हता, हे मी साहेबांना लिहून देणार आहे," ती म्हणाली.

"अगं, बाळ वाचलं ना? मग सोड आता," आया म्हणाल्या. "सिस्टरांनी किती केलंय आपल्यासाठी."

सिस्टर म्हणाल्या, "केंद्र बंद पडलं असतं गं. मग ही सगळी बाळं कुठं गेली असती?"

"बंद पडलं असतं तर मी बाळाला घेऊन दुसऱ्या दारात गेले असते," टॅक्सीवाली म्हणाली. "इथं मी घरी गेले. निर्धास्त."



तिच्या पत्राचे काय झाले, ते माझ्यापर्यंत आले नाही. पुढे सिस्टरांनी स्वतःच बदली मागून घेतली. जायच्या दिवशी त्या आपली छत्री शोधत अडगळीच्या खोलीत आल्या. मला पाहून थांबल्या. कमरेचा रुमाल काढून त्यांनी माझी तबकडी पुसली, अगदी पूर्वीसारखी, कडेपासून मध्यापर्यंत. त्यांची बोटे त्या चिठ्ठीपाशी आली. चिठ्ठीचे एक टोक सुटले होते. नुसते ओढायचे होते. त्यांनी ते टोक अंगठ्याने पुन्हा नीट चिकटवले आणि दार ओढून घेतले.

मित्रांनो, माझ्यावर तेल घाला, मला पुन्हा टांगा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत माझे पुष्कळ भाऊबंद आहेत. त्यांनी दाखवलेला आकडा डोळे मिटून मानू नका आणि पटला नाही म्हणून त्यांना लगेच खोटारडेही ठरवू नका. आकड्याला काय काय लटकवले आहे, ते आधी स्वतः उतरवून पाहा. आणि ज्याने तुम्हाला असे पाहायला शिकवले, त्याच्याही बाबतीत हे करायची वेळ आली, तर जड जाईल. तरी करा.