चौदा नंबरपासून प्रदक्षिणा

परीक्षा आमच्या ह्यांची होती आणि परीक्षक मी होते.

त्याचं असं झालं. जर्मनीत डार्मश्टाटला मुलीकडे येऊन आम्हाला दोन आठवडे होत नाहीत तोच हे कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रेड आणायला म्हणून गेले आणि चार तासांनी सापडले, ते बसच्या डेपोत. फोन घरी चार्जिंगला.

"नऊ बेचाळीसची बस नऊ बेचाळीसला आली," एवढंच त्यांचं म्हणणं. "मग न बसणं बरं दिसलं नसतं."

या माणसानं एकतीस वर्षं वाईच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली आणि त्यातली निम्मी "येईल हो गाडी, बसा" हे सांगण्यात. तो भुलणारच. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, उतरले, आणि गाड्या कशा लागतात, कशा सुटतात ते बघत उभे राहिले.

देवश्रीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, त्याच दिवशी आमच्याकडची घराची किल्ली काढून घेतली. इथलं दार मागे ओढलं की आपोआप बंद होतं. किल्ली नाही म्हणजे बाहेर पडणं नाही. शिक्षा त्यांना होती, पण किल्ली दोघांत एकच, त्यामुळे मीही आत. दहा दिवस आम्ही खिडकीतून कचऱ्याचे चार रंगांचे डबे पाहिले. निळा मंगळवारी नेतात.

शेवटी ह्यांनी तोंड उघडलं. "देवश्री, मी काय पाच वर्षांचा आहे का? एक संधी दे."

देवश्री ऑफिसात बारा माणसं सांभाळते. तिनं संधी लेखी दिली. ग्राउबाख नावाचं एक जुनं गाव आहे, तिथे गाइडशिवाय आपलं आपण फिरायची सोय आहे. हातात नकाशाची पुस्तिका, चौदा जागा, प्रत्येक ठिकाणी नंबराची पितळी पाटी. प्रत्येक पाटीपाशी फोटो काढायचा. रस्ता कुणाला विचारायचा नाही. फोन करायचा नाही. पाऊण वाजता संपवायचं. जमलं तर किल्ली परत, नाही जमलं तर उरलेले दोन महिने फक्त रविवारी, तिच्याबरोबर.

"आणि आई, तू सगळं लिहून ठेव. बाजू घ्यायची नाही."

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं हजेरीपट सांभाळला. गैरहजर तो गैरहजर, मग तो हेडमास्तरांचा मुलगा का असेना. मला हे सांगायची गरज नव्हती.

शनिवारी साडेदहाला देवश्रीनं आम्हाला ग्राउबाखच्या चौकात उभं केलं. "आल्झो, तर कारंजं म्हणजे एक नंबर. ते समोरचं लाल घर चौदा. इथून निघा, तिथे या." आमची नात उर्जा "फील ग्लुक, आबा!" म्हणाली. ती मराठीत ऐकते आणि जर्मनमध्ये बोलते. त्या शुभेच्छा असाव्यात असं आम्ही धरून चाललो. मग मायलेकी नदीकाठच्या घसरगुंडीकडे गेल्या.

ह्यांनी पुस्तिका उघडली, आणि मी गावाच्या मधोमध असलेलं चर्च पाहिलं. नकाशातली वाट त्याच्याभोवती गोल फिरत होती, आणि चर्च राहत होतं डाव्या हाताला.

"अहो, ही उलटी प्रदक्षिणा झाली."

"अगं, ते चर्च आहे."

"देव कुणाचाही असो, डाव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती फिरत नाहीत. मी येणार नाही."

परीक्षक आला नाही तर परीक्षाच नाही. ह्यांनी निमूटपणे चौक ओलांडला आणि चौदा नंबरपासून सुरुवात केली. मी वही काढली. उलट दिशा: चूक. कुणामुळे: हा रकाना मी तूर्त मोकळा सोडला.

तेरा नंबरच्या अलीकडेच एक जोडपं समोरून आलं. दोघांची जाकिटं एकसारखी, हातात आमचीच पुस्तिका. गृहस्थ थांबले, आमच्या पुस्तिकेवर बोट ठेवलं आणि "फाल्श!" म्हणाले, म्हणजे चूक असणार. हे नमस्कार करून पुढे. दुसरं जोडपं आलं, तेही "फाल्श!" तिसऱ्या जोडप्यानंतर मात्र हे थबकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या आगारातलं तेज आलं.

"मनोरमा, ही माणसं येतायत कुठून? बारा नंबरवरून. आपल्याला जायचंय कुठे? बाराला! अगं, नकाशा कशाला हवा? रस्ता समोरून चालत येतोय."

तिथून त्यांनी पुस्तिका बगलेत मारली. जाकिटं दिसतील तिकडे वळायचं. बारा, अकरा, दहा, फोटो, फोटो, फोटो.

नऊच्या आधी मात्र तीन गल्ल्या फुटल्या आणि समोर एकही जाकीट नाही. हे गल्लीच्या तोंडाशी पुस्तिका उलटी धरून नुसते उभे राहिले. अर्धं मिनिट गेलं असेल. वरची खिडकी उघडून एक आजीबाई ओरडल्या, एक कुत्रेवाला थांबला, आणि हिरव्या टोपीच्या एका म्हाताऱ्यानं तर येऊन पुस्तिका सरळ केली, ह्यांचे खांदे धरले आणि त्यांना फिरवून योग्य दिशेला लावलं. नऊ नंबर कुठे आहे, हे आम्हाला तिघांनी दाखवलं, आणि तिकडे जाऊ नका म्हणून बजावलं.

या देशात रस्ता विचारावा लागतच नाही. चुकीच्या जागी उभं राहावं, कुणा ना कुणाला ते बघवत नाही. मी लिहिलं, विचारलं: शून्य. सांगितलं: नऊ.

टोपीवाला हटेना. तेव्हा ह्यांनी माझी पाण्याची बाटली बाकावर ठेवली, तिला हात जोडले आणि बाकाभोवती उजवीकडून एक फेरी मारली. टोपीवाल्यानं विचार केला. मग त्यानंही एक फेरी मारून पाहिली. नंतर उलटी मारून पाहिली. "इंटरेसांट," म्हणाला आणि गेला.

सहा नंबरवर मी आवाज बंद ठेवलेला माझा फोन पाहिला. देवश्रीचे अकरा कॉल.

"अहो, तिला फोनच्या नकाशावर आपला ठिपका दिसतो. उलटा चाललेला दिसला असणार."

"पहिला कॉल कितीचा?"

"बारा आठ."

ह्यांनी डोळे मिटले. "बारा दहाला कारंज्यापासून निघाली असेल. पोर सरळ आहे, एक-दोन-तीन असं छापील क्रमानंच येणार. बरोबर उर्जा, म्हणजे प्रत्येक पाटीला हात लावणार, थांब्याला तीन मिनिटं धर. ती अप, आपण डाउन. बारा बावीसला पाच नंबरवर क्रॉसिंग."

पाच नंबर म्हणजे जुनं मिठाचं कोठार. त्याच्यापुढच्या बाकावर आम्ही डबा उघडला. तिखटमिठाच्या दोन दोन पुऱ्या झाल्या आणि कोपऱ्यावरून देवश्री धावत आली, मागे पाटी शोधत उर्जा.

ह्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं लेट. लहान मूल बरोबर आहे, चालायचंच."

"बाबा! फोन का घेत नाही तुम्ही?"

"फोन नाही, असं तूच लिहिलंयस."

"अहो, करायचा नाही! घ्यायचा नाही असं कुठे लिहिलंय? मला वाटलं हरवलात. चार लोकांना विचारत विचारत आले मी इथपर्यंत!"

हे माझ्याकडे वळले. "मनोरमा, लिहून घे. देवश्री. रस्ता विचारला: चार."

मी लिहिलं. बाजू घ्यायची नाही म्हणजे नाही. उर्जा एवढी हसली की तिला उचकी लागली.

उरलेले चार नंबर आम्ही चौघांनी केले, चर्च उजव्या हातालाच ठेवून. बारा एकेचाळीसला कारंज्यापाशी चौदावा फोटो निघाला. दोन नंबरकडून हिरवी टोपी येताना दिसली, आमच्याच दिशेनं फिरून आलेली, आणि मागून टोपीवाल्याची बायको त्याला काहीतरी तावातावानं सुनावत होती.

देवश्रीनं माझी वही वाचली. पर्समध्ये हात घातला, आणि थांबली. "एक सांगा. उलटं जायची कल्पना कुणाची?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चर्चच्या मनोऱ्याकडे पाहिलं. "माझी," म्हणाले.

"गेनाऊ, अगदी. मला वाटलंच," म्हणत तिनं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

तो मोकळा रकाना मी त्यांच्या नावानं भरून टाकला. अठ्ठावीस वर्षांत मी लावलेली ही पहिली खोटी हजेरी.

सोमवारी हे ब्रेड आणायला निघाले. लक्ष ठेवायला म्हणून मी बरोबर गेले. नऊ बेचाळीसची बस नऊ बेचाळीसला आली.

न बसणं बरं दिसलं नसतं.